किल्लीचं कलम

करार मीच टाइप केला. सतरा पानं.
जिल्हा परिषदेचा दुसरा मजला, पंखा बंद,
कारण कागद उडत होते.
पक्ष एक : शिक्षण विभाग.
पक्ष दोन : कारखान्याचं प्रतिष्ठान. जीप आणि डिझेल त्यांचं.
पक्ष तीन : पुण्याची संस्था, चाचण्या घेणारी.
'लाभार्थी' हा शब्द एकोणचाळीस वेळा आला.
मोजायचं काही कारण नव्हतं. साहेब जेवायला गेले होते.

लाभार्थी म्हणजे अकरा पोरं,
राधानगरीच्या वर, गव्यांच्या रानात,
काजळमाळ धनगरवाड्यावरची.
तिथली शाळा पट कमी म्हणून मिटली.
खालची साडेसहा किलोमीटर.

फाइल घेऊन वर गेलो.
वाटेत शेणाचा पो पडलेला, पाटीएवढा.
धाकलू झोरे म्हणाला, "गव्याचा हाय. आत्ताचाच.
चला गुमान."

संस्थेची ताई दगडावर बसून चाचणी घेत होती.
बेचाळीस वजा एक?
सगुणा लांबोर, वय नऊ, गप्प.
ताईनं रकान्यात लिहिलं : वजाबाकी येत नाही.
तेवढ्यात शेळ्या उतरल्या.
पोरीनं कळपावरनं नजर फिरवली,
आपण भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो तशी, एकदाच,
आणि ओरडली, "आये, कानफाटी न्हाई आली!"
बेचाळिसातली एक. कुठली, तेही नावासकट.
ताईचं पेन थांबलं.
रकाना भरून झाला होता. खोडाखोड चालत नाही.

ठकूबाई शाळा समितीवर होती, कागदावर.
बैठकीला तिला कुणी बोलावलं नव्हतं.
म्हणाली, "वाच. समदं वाच."
सतरा पानं वाचली. मधे दोनदा पाणी प्यालो.
'सामंजस्य' शब्दाला एक म्हातारा झोपला.
'फलनिष्पत्ती'ला दुसरा.
ती मात्र चुलीतली लाकडं मागं-पुढं सारत ऐकत होती.
"जीप कुठवर येणार?"
वाड्यापर्यंत. कलम चार.
"मधी फाटक हाय. जंगलखात्याचं. कुलूप असतंय.
किल्लीचं कलम कुठलं?"

मी पानं उलटली. पुन्हा उलटली.
जंगलखातं कुठल्याच पक्षात नव्हतं.

"बरं. आन् ह्यातली आमची परत कुठली?"
प्रती तीन, पक्ष तीन.
"मग आमी कोण?"
लाभार्थी, म्हणालो.
कचेरीत गुळगुळीत वाटणारा शब्द
भाकरीत खडा यावा तसा दाताखाली आला.

वनविभागाला पत्र गेलं. जावक क्रमांक पडला.
स्मरणपत्र एक. स्मरणपत्र दोन.
चौथी प्रत मी बिंदू चौकात झेरॉक्स केली, चौतीस रुपये.
बिल कुठे लावलं नाही.
ठकूबाईनं ती आढ्याला खोचली, बियाण्याच्या कणसांशेजारी.
आता धुरानं पिवळी झाली असेल.

उत्तर अजून आलेलं नाही.
पण गार्ड दस्तगीर मुल्ला रात्री घरी जाताना
किल्ली एका दगडाखाली ठेवतो.
त्याला कुणी सांगितलं, मला माहीत नाही.
फाइलवर काही नाही, आणि मीही विचारलं नाही.

परवा तपासणीला गेलो होतो. सात वाजता, धुक्यात.
सगुणानं दगड उचलला, कुलूप काढलं,
फाटक ढकलायला अंगानं लागली.
जीप आत आली, वळली. पोरं चढली.
ड्रायव्हरनं गिअर टाकला.
तिनं मागच्या सीटवरनं नजर फिरवली, एकदाच.
"थांबा. सत्यवा न्हाई."

मी घड्याळ बघितलं. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं.
इंजिन चालूच होतं, डिझेल पक्ष दोनचं जळत होतं,
आणि लांब चढावर, धुक्यात,
कुणीतरी एका हातानं दप्तर सावरत
पळत येत होतं.